मिस्त्रीचा पत्रा

जुनी ॲम्बेसेडर कुणाच्या दारात उभी दिसली, तर मालकाला विचारून एकदा तिचं बॉनेट उघडून बघा. इंजिनाच्या एकाच अंगाला दोन वस्तू एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या दिसतील. वर कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथं एकमेकांत मिसळतात तो भाग. बरोबर त्याच्या खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळालेला वायू इंजिनातून बाहेर नेणारी बिडाची नळी. गाडी चढाला लागली की ही नळी काहीशे अंशांपर्यंत तापते. पेट्रोल मात्र ३५-४० अंशांपासूनच उकळायला सुरुवात करतं. पेटत्या चुलीवर फळी मारून तिच्यावर पेट्रोलची वाटी ठेवावी, तसला हा प्रकार.

या दोन वस्तूंच्या मधे कधी कधी एक पत्रा दिसतो. हाताने कापलेला, कडा दुमडलेला, मधे दोन-तीन भोकं पाडलेली. कारखान्यात तयार झालेले असे पत्रे काही गाड्यांना असतात, पण त्यांची धाटणी वेगळी. हा हातचा पत्रा कुठल्यातरी गॅरेजात, कुठल्यातरी मिस्त्रीने तेलाच्या डब्यातून कापून बसवलेला असतो. आमच्या मुरगूडच्या बाजूला त्याला काही खास नाव नव्हतं, नुसता ‘पत्रा’. त्या पत्र्याचा इतिहास मला आज सांगायचा आहे, कारण तो सांगताना तो कापणाऱ्या माणसांचाही इतिहास आपोआप सांगावा लागतो.

आधी इंजिनाबद्दल. ॲम्बेसेडर ही मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. ऑक्सफर्ड शहराजवळच्या काउली इथल्या कारखान्याची ही गाडी हिंदुस्तान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाडा इथं बांधायला घेतली. इंग्लंडच्या थंड सकाळी पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ते थेंबाथेंबाने नळीच्या भिंतीला चिकटतं आणि इंजिन धड चालत नाही. दमट थंडीत तर कार्ब्युरेटरच्या आत बर्फसुद्धा धरतं. म्हणून तिकडच्या इंजिनिअरांनी मुद्दाम एक सोय केली. एक्झॉस्टची ऊब पेट्रोलच्या वाटेला मिळावी म्हणून हवा आत घेणारी नळी आणि जळका वायू बाहेर टाकणारी नळी शेजारीशेजारी, एकाच बाजूला ठेवली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या इंजिनातही हेच तत्त्व होतं. त्यात चूक काहीच नव्हती. थंड देशासाठी केलेली ती हुशारी होती. ती जशीच्या तशी जहाजात चढली आणि एप्रिल-मे महिन्यात ३७-३८ अंश तापणाऱ्या कोल्हापुरात उतरली.

नव्या देशात पाहुणा आला तर त्याचे कपडे तरी बदलतात. इथं गाडीचे कपडेही बदलले नाहीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईच्या कुर्ल्यात फियाट ११०० बांधली, तीच पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. परदेशी गाड्यांची आयात जवळपास बंद होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तोवर सामान्य हिंदुस्थानी माणसाच्या डोळ्यांसमोर गाडी म्हणजे मुख्यतः फियाट नाहीतर ॲम्बेसेडर. घ्यायची तर नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबायचं. गिऱ्हाईक रांगेत उभंच होतं, मग कंपनी कशाला डोकं लढवते? इंजिन तेच राहिलं, आणि दर उन्हाळ्यात त्याचा त्रास रस्त्यावरच्या मिस्त्रीच्या पदरात पडत राहिला.

मुरगूड हे कागल तालुक्यातलं, वेदगंगेकाठचं गाव. देवगड-निपाणी रस्ता आमच्या गावावरून जातो. एका टोकाला निपाणीची तंबाखूची पेठ, दुसऱ्या टोकाला कोकणची किनारपट्टी, आणि मधे राधानगरी, दाजीपूर ओलांडून उतरणारा फोंडाघाट. कोकणातून वर येणाऱ्या गाडीला हा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो. वेग कमी, त्यामुळे समोरून येणारी हवा कमी. इंजिनावर ताण पूर्ण. शिवाय घाटमाथ्याकडे जाताना हवेचा दाब उतरत जातो, आणि दाब उतरला की पेट्रोल आणखी लवकर उकळतं. पेट्रोलच्या गाडीची परीक्षा बघायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

या परीक्षेत गाडी दोन तऱ्हांनी नापास होते. पहिली तऱ्हा चालता चालता. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाला चिकटून बसवलेला असतो. गॅरेजात त्याला ‘एसी पंप’ म्हणतात, थंड हवेच्या एसीशी त्याचा संबंध नाही. हा पंप किंवा त्याच्या पुढची नळी तापली की पेट्रोलची आतच वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी केलेला, वाफेपुढे तो नुसताच धडपडतो. गाडी हिसके देते आणि बंद पडते. दुसरी तऱ्हा गाडी थांबवल्यावर. चालत्या गाडीत रेडिएटरचा पंखा फिरत असतो, पाणी खेळत असतं, कार्ब्युरेटरमधून ताजं थंड पेट्रोल सतत जात असतं. चहाला म्हणून गाडी बंद केली की हे सगळं एकदम थांबतं. तापलेलं बीड मात्र थंड व्हायला वेळ घेतं, त्याची धग वर चढत राहते. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आतल्या नळीत ओघळतं. पंधरा मिनिटांनी येऊन चावी फिरवावी, तर इंजिन पेट्रोल पिऊन सुस्त. स्टार्टर घुर्र घुर्र करतो, बॅटरी उतरते, आणि आतली मंडळी खाली उतरून ढकलायला लागतात.

यावर सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे ओलं फडकं. पंपावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं टाकायचं, बॉनेट उघडं ठेवायचं आणि रस्त्याकडेला बसून राहायचं. फडक्यातलं पाणी वाफ होताना पंपाची उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या नियमाने गार होतं, तोच नियम. पण फडकं ही तात्पुरती मलमपट्टी. रोज घाट चढणारी, लग्नसराईत भाड्याने फिरणारी टॅक्सी दर खेपेला रस्त्यावर उभी करून चालत नाही. तिथं पत्रा लागतो.

पत्रा कसा करायचे ते मी गॅरेजात बसून बघितलं आहे, आणि म्हाताऱ्या मिस्त्रींना खोदून खोदून विचारलंही आहे. आधी कार्ब्युरेटर खाली काढायचा. त्याच्या बुडाचं कागदी पॅकिंग जाड पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने भोकं उतरवायची. मग पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाढवत न्यायचा, पेट्रोलची वाटी खालून पूर्ण झाकली जाईल इतका. हा पुठ्ठा जागेवर बसवून बघायचा. ॲक्सिलरेटरचा दांडा, चोकची तार, स्प्रिंग, कशालाच तो अडता कामा नये. इथं घाई करायची नाही, कारण दांडा पत्र्यात अडकला तर पाय काढल्यावरही गाडी पळत राहील. पुठ्ठा पटला की त्यावरून पत्रा कापायचा. पत्रा बहुधा तेलाच्या डब्याचा. पण डब्याचा सांधा घ्यायचा नाही, कारण तिथली डाकाची कथील-शिशाची झाळ १८३ अंशांनाच वितळायला लागते. ॲल्युमिनियमचा पत्रा मिळाला तर सोन्याहून पिवळं. छापखान्यातून भंगारात निघणारी ऑफसेटची प्लेट त्यासाठी फार कामाची, वजनाला हलकी आणि दिसायला चकचकीत. मात्र ती पातळ, म्हणून दुहेरी घ्यायची. कडा दुमडायच्या, म्हणजे पत्रा थरथरत नाही आणि हातही कापत नाही. चकचकीत बाजू खाली, एक्झॉस्टकडे. पत्रा आणि एक्झॉस्ट यांच्यामधे बोटभर मोकळी जागा. पत्र्याच्या दोन्ही अंगांना पॅकिंग, आणि कार्ब्युरेटरच्या बुडाखाली बेकलाइटची किंवा फायबरची जाड चकती. चकतीमुळे कार्ब्युरेटर उंच होतो, म्हणून स्टड लांब घालायचे आणि ॲक्सिलरेटरचा दांडा पुन्हा जुळवून घ्यायचा. शेवटी बॉनेट हळूच मिटवून वरून काही टेकत नाही ना ते बघायचं.

आता शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक आठवा. उष्णता तीन वाटांनी जाते: वहन, अभिसरण आणि प्रारण. बेकलाइटची चकती वहनाची वाट अडवते, कारण धातूतून धातूत जाणारी उष्णता तिच्यापाशी थबकते. चकचकीत पत्रा प्रारण परतवतो. बाहेरपर्यंत वाढवलेला पत्रा आणि खालची बोटभर फट मिळून तापलेली हवा थेट वाटीवर न येऊ देता बाजूला काढून देतात. म्हणजे तिन्ही वाटांवर तीन चौक्या. हे करणाऱ्या मिस्त्रीला वहन-अभिसरण हे शब्द माहीत नसतील. ‘चकाकी खाली पाहिजे, काळा पडला की पत्रा बदल,’ एवढंच तो पोराला सांगायचा. पण काळा पडलेला पत्रा उष्णता परतवण्याऐवजी शोषून घेतो, हेच तर त्या एका वाक्यात आहे.

या कामाला आपण ‘जुगाड’ म्हणून हसून सोडून देतो. मला तो शब्द इथं पटत नाही. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. इथं दोष ओळखला गेला, त्याचं कारण शोधलं गेलं, मिळेल त्या धातूंतून योग्य धातू निवडला गेला, माप घेतलं गेलं, आणि पुढच्या गाडीत त्यात सुधारणा झाली. परदेशातल्या कंपन्यांनीही काही गाड्यांना कार्ब्युरेटरखाली असेच पत्रे बसवले. एमजी कंपनीच्या गाड्यांत ते असत. तिथं त्याचा नकाशा निघाला, पार्ट नंबर पडला, सुट्या भागांच्या पुस्तकात चित्र छापलं गेलं. आपल्याकडे पुठ्ठा काम झाल्यावर चहाच्या कपाखाली गेला आणि नंतर बंबात.

हा पुठ्ठा कुणाच्या हातातला होता? सगळ्यांच्याच. आमच्या भागात लोहार होते, सुतार-पांचाळ होते, मराठ्यांची शेतकरी पोरं होती. पण गॅरेजांच्या ओळीत मुसलमान मिस्त्री डोळ्यांत भरतील इतके होते आणि आहेत. याला काही जन्मजात कारण नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुसलमानांची आडनावंच वाचा: शिकलगार, तांबोळी, बागवान, नदाफ, अत्तार. एकेका आडनावात एकेक धंदा आहे. शिकलगार हत्यारांना धार लावणारे, नदाफ कापूस पिंजणारे. जमीन थोडी किंवा अजिबात नाही, नोकरीत वशिला नाही, दुकान घालायला भांडवल नाही. संस्थानं गेली, हत्यारं गेली, गादीचा कापूस पिंजायला यंत्र आलं. हात रिकामे झाले, पण हातातली कला गेली नव्हती. मोटार आली तेव्हा हे हात तिकडे वळले. कानस, कातर, ऐरण आणि नजर एवढ्यावर गॅरेज सुरू होत होतं. नोव्हेंबर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमान कामगारांचं स्वयंरोजगारात प्रमाण मोठं असल्याचं नोंदलं आहे, आणि ज्या धंद्यांत ते अधिक दिसतात त्यांत वाहनदुरुस्तीही आहे. अहवालात तो एक आकडा असतो. प्रत्यक्षात तो दहा-बारा वर्षांचा पोरगा असतो, जो आधी दोन वर्षं फक्त पाने पुसतो, मग नट खोलतो, मग एक दिवस उस्ताद त्याच्या हातात कातर देतो.

या उस्ताद-शागीर्द परंपरेत एक मोठी ताकद आहे आणि एक मोठा दोषही. ताकद ही की शिकणं फुकट आणि हातोहात. दोष हा की कागद कुठेच नाही. देशात आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून आहे, पण प्रवेशाला शाळेची पायरी चढलेली असावी लागते. पाने पुसणारा पोरगा ती पायरी आधीच सोडून आलेला असायचा. चाळीस वर्षं इंजिन खोलणाऱ्या माणसाकडे आपण मिस्त्री आहोत हे सांगणारा एक कागद नसतो, आणि त्याने शोधलेल्या उपायावर त्याचं नाव नसतं.

आपल्या इतिहासात याच्या उलट उदाहरणंही आहेत. इस्माईल अल-जझरी हा दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला कारागीर. त्याने १२०६ साली यंत्रांवरचं आपलं पुस्तक पुरं केलं. पाण्याची घड्याळं, पंप, कारंजी, सगळ्यांची मापं आणि जोडणी त्याने अशी लिहिली की विसाव्या शतकात लोकांनी ती वाचून यंत्रं पुन्हा उभी केली. तो फक्त बुद्धिमान होता म्हणून नव्हे, त्याने लिहून ठेवलं म्हणून आज आपण त्याचं नाव घेतो. इतकं लांब नको असेल तर कोल्हापुरातच या. बाबूराव पेंटरांनी इथल्याच हातांनी सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि त्यावर चित्रपट काढले. म्हादबा मेस्त्रींचं नाव कोल्हापूरच्या उद्योगात आजही आदराने घेतलं जातं. परदेशी यंत्र खोलून, समजून, ते आपल्या गरजेप्रमाणे करून घेणं ही करवीरची जुनी सवय आहे. गावोगावचे गॅरेजवाले त्याच सवयीचे वारस. फक्त त्यांच्या वाट्याला चरित्रकार आला नाही.

इथवर सगळं अभिमानाचं. पण पत्र्याला दुसरी एक बाजू होती, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास खोटा पडेल. पुष्कळ मिस्त्री पत्र्याच्या वरच्या बाजूला ॲस्बेस्टॉसचा ताव रिव्हेट करायचे, आणि एक्झॉस्टच्या नळीला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचे. जळत नाही, स्वस्त आहे, दुकानात मिळतं. ताव कातरीने कापला की पांढरी भुकटी उडायची. ती तोंडाने फुंकून टाकायची. हातावर राहिलेली विजारीला पुसायची आणि तीच विजार घरी धुवायला जायची. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून होणारे आजार, कर्करोगसुद्धा, वीस-तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतात. सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात आणि वापर अजून चालू आहे.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं ठेवावी, असा आदेश झाला. चांगला निकाल. पण गॅरेजातल्या पोराचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं, तिथं चाळीस वर्षांची नोंद कोण ठेवणार? म्हातारपणी त्याला दम लागतो, तेव्हा घरचे म्हणतात, विडी फार ओढली. डॉक्टरही तेच म्हणतात. त्याने ॲस्बेस्टॉस कापला होता का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. ज्याच्या कौशल्याची नोंद झाली नाही, त्याच्या आजाराचीही होत नाही. दोन्हींचं मूळ एकच.

कार्ब्युरेटरचं राज्य पुढे संपलं. आमच्याकडे वडापच्या जीपगाड्या आधीच डिझेलवर गेल्या होत्या. पुष्कळ ॲम्बेसेडरांचंही पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं गेलं. डिझेलला कार्ब्युरेटर नाही, म्हणजे पत्र्याचीही गरज नाही. २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि नव्या मोटारींत संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर ती मोटारसायकलींतही आली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली.

तरी पत्र्याचा विषय पूर्ण मिटलेला नाही, आणि त्याचं कारण आमच्या उसात आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के झालं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. हे इथेनॉल उसापासूनही होतं, आणि कोल्हापूर जिल्हा म्हणजे साखर कारखान्यांचं माहेरघर. इथेनॉल एकटं ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलं की मिश्रणाची वाफ व्हायची ओढ वाढते. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि पडदे ते खातं. त्यामुळे हौसेने किंवा गरजेने जुनी कार्ब्युरेटरची गाडी चालवणारे लोक उन्हाळ्यात पुन्हा तीच तक्रार घेऊन गॅरेज शोधतात. आणि पत्रा कापता येणारे हात आता साठी-सत्तरीत आहेत.

म्हणून या लेखाच्या वाचकांना एक काम सांगतो. तुमच्या गावात, मोहल्ल्यात असा जुना मिस्त्री असेल, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, तर त्याच्याकडे वही घेऊन जा. कुठल्या गाडीला कसला पत्रा बसवला, किती जाड, एक्झॉस्टपासून किती अंतरावर, कोणाकडून शिकला, हे त्याच्याच शब्दांत उतरवा आणि त्याचं नाव वर लिहा. मोबाइलवर पत्र्याचा फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. जुन्या गाडीतला पत्रा बदलायचा झाला तर त्यावरचा ॲस्बेस्टॉस कोरडा घासू नका, फुंकू नका. ओला करून, तोंड झाकून काढा आणि बंद पिशवीत बांधा. नवीन बसवताना काचतंतूचं कापड किंवा सिरॅमिकचा ताव वापरा. आणि मिस्त्रीला दम लागत असेल तर त्याला छातीच्या डॉक्टरकडे घेऊन जा, आणि विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा की या माणसाने इतकी वर्षं ॲस्बेस्टॉस कापला आहे.